शब्दचर्चा : कोअर पडला, पाडला की काढला?

मीनल_दादर : पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. चालू प्रोग्राम बंद न पडता स्वतःचाच कोअर डंप (त्या क्षणाच्या स्मृतीची फाइलमध्ये उतरवलेली प्रत) तयार करतो, या क्रियेला काय म्हणावं? 'गाभाक्षेपण' लिहून पाहिलं. नको वाटतं.

सीप्झवाला : नामाच्या मागे लागू नका ताई, क्रियापद बघा. आमच्याकडे 'कोअर पडला' म्हटलं की प्रोग्राम मेला, हे वेगळं सांगावं लागत नाही. जीकोअर हे साधन बाहेरून चालवून घेतला तर 'काढला'. त्यात प्रोग्राम क्षणभर थांबतो, फाइल लिहून होते आणि तो पुढे चालू लागतो. मधला प्रकार 'पाडला' : कोडमध्येच अबॉर्ट, म्हणजे तिथेच स्वतःला संपवण्याची आज्ञा, लिहायचं. पण तिथे प्रोग्राम जातोच.

जुना_खोडकर : आणि 'गाभा' तर नकोच. हा कोअर म्हणजे फेराइटची चुंबकीय कडी. एका कडीत एक बिट. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक संगणक १९६० साली सुरू झाला, त्याची स्मृती अशाच कड्यांची होती : ४० बिटांचे २०४८ शब्द, आजच्या हिशेबात दहा किलोबाइट. कड्या गेल्या, नाव राहिलं. 'कोअर' तसाच ठेवा.

मीनल_दादर : कोअर ठेवते. डंपचं काय? मुलुंड-देवनारच्या पोरांना डंपिंग म्हणजे कचराच आठवणार.

सीप्झवाला : आठवू दे, नंतर ती फाइल उपसताना तसंच वाटतं.

मीनल_दादर : बरं, पण फोर्क करून (म्हणजे चालू प्रोग्रामची दुसरी प्रत, पोटप्रोसेस, सुरू करून) त्या पोटप्रोसेसमध्ये अबॉर्ट केलं तर? मूळ प्रोग्राम जिवंत, कोअर मात्र पोटप्रोसेसचा. हा पाडला की काढला?

सीप्झवाला : पोटप्रोसेसपुरता पाडला, आपल्यापुरता काढला! टिपणात 'काढला'च लिहा, कारण हेतू तोच आहे. फोर्क झाल्या क्षणाची स्मृती जशीच्या तशी मिळते. स्मृतीची पानं (तिचे छोटे तुकडे) लगेच कॉपी होत नाहीत, कुणी त्यांत लिहिलं तरच होतात, म्हणून मूळ प्रोग्राम फारसा खोळंबत नाही. पण एक ठळक लिहा : पोटप्रोसेसमध्ये फोर्क करणारा एकच थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) येतो. बाकीच्यांचे स्टॅक (फंक्शनांच्या हाकांची नोंद) स्मृतीत असतात, रजिस्टर (प्रोसेसरमधली त्या क्षणाची मूल्यं) नसतात. डेडलॉक (थ्रेड एकमेकांसाठी अडून बसणं) शोधायचा असेल तर ही युक्ती कुचकामी, तिथे जीकोअरच. आणि मूळ प्रोग्रामने वेटपीआयडी करायला (पोटप्रोसेस संपल्याची नोंद घ्यायला) विसरू नये, नाहीतर झोंबी, म्हणजे संपूनही यादीत उरलेल्या प्रोसेस, साचतात.

जुना_खोडकर : 'झोंबी' का, 'भूत' चाललं असतं की.

मीनल_दादर : काका, एका वेळी एक शब्द. मुलं विचारतील, अबॉर्ट केलं तरी फाइल का दिसत नाही?

सीप्झवाला : आधी 'युलिमिट -सी', म्हणजे कोअर फाइलच्या आकाराची मर्यादा, बघायला सांगा, बऱ्याच लिनक्स यंत्रांवर ती मर्यादा शून्य असते. प्रोग्रामला सेटआरलिमिट या हाकेने आतूनही ती वाढवता येते, पण हार्ड (वरच्या, पक्क्या) मर्यादेपर्यंतच. मग कोअर पॅटर्न, म्हणजे कोअर कुठे आणि कोणत्या नावाने जाईल हे ठरवणारी लिनक्सची सेटिंग. त्याची सुरुवात पाइपच्या चिन्हाने (|) असेल तर कोअर फोल्डरमध्ये न पडता दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती जातो. तो प्रोग्राम सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीचा) असेल तर कोअर कोअरडंपसीटीएल या आज्ञेने शोधायचा.

मीनल_दादर : 'हाती जातो' घेते. पडला, पाडला, काढला अशी तीन ओळींची चौकट करून टाकते.