रविवारची संध्याकाळ लावणीला का मिळू नये?

नदीकाठची

गेल्या आठवड्यात पुण्यातल्या तीन नाट्यगृहांबाहेरचे फलक वाचत फिरले. ही सवय मला आईची. पेपरातली नाटकांची जाहिरात ती अजूनही पेनाने खुणा करून वाचते. शनिवार-रविवारी दुपार, संध्याकाळ, रात्र, तिन्ही वेळा नाटक. भरतनाट्यम आणि कथक सकाळी, आणि खाली लिहिलेलं, ‘प्रवेश विनामूल्य’. आणि लावणी? मंगळवार, बुधवार, गुरुवार, संध्याकाळी साडेपाच.

मी नोकरी करते. साडेपाचला ऑफिसमधून निघणंही होत नाही. माझ्यासारख्या बाईला लावणी बघायचीच असेल तर रजा टाकावी लागते, नाहीतर आठ मार्चच्या आसपासच्या ‘खास महिलांसाठी’ प्रयोगाची वर्षभर वाट बघावी लागते.

हे याच शहरात व्हावं याचं वाईट वाटतं. राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ यांच्या लावण्या पेशवाईच्या उत्तरार्धात इथे रंगल्या. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत नाटकांत साकी, दिंडी, कामदा या गाण्याच्या प्रकारांच्या शेजारी लावणीच्या चाली होत्या. म्हणजे ज्या नाटकाला आपण रविवार देतो, त्या नाटकाच्या गळ्यात लावणीचा सूर आहे. माझं म्हणणं एवढंच: महापालिकेच्या प्रत्येक नाट्यगृहाने महिन्यातली एक रविवार संध्याकाळ लावणीला द्यावी. नाटकाला लावतात तेच भाडं, त्याच अटी. कुणाचा विरोध असेल तर कारणासकट सांगा.

पाचवी रांग

माझा विरोध आहे. मी चाळीस वर्षं तिकीट काढून नाटकं बघतोय, तेव्हा हे रागाने नाही, काळजीने लिहितो.

तुम्ही राम जोशींची लावणी डोळ्यांपुढे ठेवून बोलताय. फलकावर जी असते ती वेगळी. मी गेल्या वर्षी एका प्रयोगाला बायको आणि मुलीला घेऊन गेलो होतो. दोन तासांत पंधरा-सोळा गाणी झाली, त्यातली निम्म्याहून जास्त सिनेमातली. स्टेजवर एकही वादक नाही, सगळं रेकॉर्डवर. जाहिरातीत मात्र ढोलकीचं भलंमोठं चित्र. मागच्या रांगांतून नाचणाऱ्या मुलींना उद्देशून जे शेरे येत होते ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. माझी मुलगी मध्यंतरातच म्हणाली, ‘बाबा, निघू या.’ त्या मुलींसाठी मला जास्त वाईट वाटलं, कारण त्यांना निघता येत नव्हतं.

लावणी ही थोर कला आहे याबद्दल वाद नाही. पण थोर कलेचं नाव लावून दुसरंच काही विकलं जात असेल, तर त्यासाठी सार्वजनिक नाट्यगृहाची सर्वांत मोलाची वेळ का द्यायची?

विंगेतून

मी नाटकांचं व्यवस्थापन बघतो, त्यामुळे तारखांबद्दल थोडं.

रविवार नाटकाला मिळतो तो लाड म्हणून नाही. आज व्यावसायिक नाटकातले बरेचसे नट सोमवार ते शुक्रवार मालिकांच्या शूटिंगला असतात. ते मोकळे होतात शनिवार-रविवारी. मुंबईहून बस निघते, नेपथ्याचा टेम्पो त्याआधी निघतो, मंडळी पहाटे उठून येतात. दुपारचा प्रयोग पुण्यात आणि रात्रीचा चिंचवडला असे दोन लागले तरच तो दौरा परवडतो. यातला एक रविवार काढला तर फक्त एक प्रयोग जात नाही, अख्खा दौरा मोडतो.

आणि लावणी मंगळवारीही भरते. नाटक मंगळवारी भरत नाही. मग जी गोष्ट मधल्या वारी चालते तिला रविवार द्यायचा आणि जी फक्त रविवारीच जगते तिचा रविवार काढायचा, याला काय अर्थ? चिडून विचारत नाही, खरंच विचारतोय.

नदीकाठची

@विंगेतून, मंगळवारी कोण भरतं ते बघा. साडेपाचला जो दुकान पोरावर सोपवून येऊ शकतो, जो तालुक्याच्या गावाहून कामाला आला आणि रात्रीच्या एसटीपर्यंत मोकळा आहे, तो. जवळजवळ सगळे पुरुष. @पाचवी रांग, तुम्ही सांगितलेले शेरे तिथूनच येतात. आपण आधी वेळ अशी ठेवली की घरची माणसं येऊच नयेत, आणि आता म्हणतो की तिथे घरची माणसं येत नाहीत. प्रेक्षागृहात दोनशे बायका बसल्या असतील तर मागच्या रांगेचा आवाज आपोआप खाली येतो. महिलांच्या प्रयोगात मी हे अनुभवलंय. साठीच्या बायका खुर्चीवर उभ्या राहून वन्स मोअर देत होत्या. माझ्या शेजारच्या आजींनी पदर तोंडाला लावला होता आणि त्या रडत होत्या, का ते मी विचारलं नाही.

दौऱ्याचं गणित मात्र मला माहीत नव्हतं. ते मान्य.

पाचवी रांग

बायका आल्या की आवाज खाली येईल, हे मला पटतं. पण स्टेजवर काय चाललंय याचं उत्तर त्यात नाही. रविवारी सहकुटुंब येऊन आम्ही रेकॉर्डवरची सिनेमाची गाणीच बघायची का?

ढोलकी कडक

मी वाजवतो. बावीस वर्षं झाली. तेव्हा या रेकॉर्डच्या प्रश्नावर मीच बोललेलं बरं.

साथ म्हणजे ढोलकी, तबला, पायपेटी, तुणतुणं, गाणारी बाई आणि मागं झील धरणारे, म्हणजे तिच्यामागून सूर ओढणारे. एवढ्या माणसांची नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, द्यायची, जेवण द्यायचं, गाडीत जागा द्यायची. रेकॉर्डला एक पेन ड्राइव्ह लागतो. मधल्या वारी तिकिटाचा दर वर जात नाही, मग पार्टीमालकीण पहिली कात्री आमच्यावर लावते. तिला मी दोष देत नाही. तिच्यावरही आठ-दहा पोरींचं पोट आहे.

पण जातं काय ते सांगतो. लावणीत बाई ओळ घेते, एकदा सरळ, एकदा डोळ्यानं, एकदा नुसत्या खांद्यानं. तिला वाटलं तर ती तिथंच थांबते. प्रेक्षकाकडं बघते. किती वेळ बघायचं ते तिचं ती ठरवते. मी तिच्या पायाकडं बघत थांबलेला असतो. तिची टाच उचलली की माझी थाप पडते. हा जो मधला थांबा आहे ना, लावणी तिथं आहे. रेकॉर्ड थांबत नाही. पोरगी मग रेकॉर्डमागं पळते. तिची अदा जाते, राहतो तो व्यायाम. पाचवी रांगवाल्या काकांना जे आवडलं नाही ते मलाही आवडत नाही, पण त्याचा इलाज लावणीला बाहेर ठेवणं हा नव्हे. रविवार मिळाला, तिकीट नाटकाएवढं झालं, तर पाच माणसं परत स्टेजवर बसतील. अट घाला की. रविवारची तारीख पाहिजे तर साथ जिवंत पाहिजे, नाहीतर तारीख नाही.

पाचवी रांग

दादा, या अटीवर मी माझा विरोध निम्मा मागे घेतो. निम्मा, कारण ती अट पाळली जाते की नाही हे बघणार कोण? आपल्याकडे अर्ज एका कार्यक्रमाचा होतो आणि स्टेजवर दुसराच होतो, हे नेहमीचं आहे.

तत्कार

मी कथक शिकते, नववं वर्ष. ‘प्रवेश विनामूल्य’बद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

रोहिणीताई भाटे यांनी १९४७ मध्ये या शहरात नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू केली. त्यांच्यामुळे मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने पायात घुंगरू बांधणं इथे सन्मानाचं झालं. आज पेठेत, उपनगरात, गल्लोगल्ली क्लास आहेत. तरीही आमच्या कार्यक्रमाला तिकीट लावलं तर सभागृहात फक्त आमचे पालक असतात. हॉलचं भाडं, साथीदारांची बिदागी, वेशभूषा, सगळं नाचणारीच्या घरून जातं. लावणीला निदान तिकीट काढणारा प्रेक्षक आहे. आम्हाला प्रतिष्ठा आहे, प्रेक्षक नाही; त्यांना प्रेक्षक आहे, प्रतिष्ठा नाही.

म्हणून मला वाटतं, लावणीनेही आमचाच रस्ता धरावा. अभ्यासक्रम, परीक्षा, गुरु, सभ्य रंगमंच. भरतनाट्यमलाही एके काळी नावं ठेवायचेच की. आज कोण ठेवतं?

कावेरीकाठ

@तत्कार, इथे मला थांबवू द्या. मी तंजावरच्या मराठी घरातली, वाढले चेन्नईत, भरतनाट्यम शिकले. घरी आजही आमची ती जुनी मराठी बोलतो.

भरतनाट्यमचा आजचा क्रम, सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंत, आमच्या सरफोजीराजांच्या दरबारातल्या चार भावांनी बसवला असं मानतात: चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु. नाचणाऱ्या बायका देवदासी परंपरेतल्या होत्या आणि त्या नाचाला सदिर म्हणत. पुढे त्यावर टीकेची झोड उठली. १९३५ मध्ये रुक्मिणीदेवींनी मद्रासजवळ अड्यारला जाहीर कार्यक्रम केला, पुढच्या वर्षी त्यांची कलाक्षेत्र ही संस्था उभी राहिली, आणि ब्राह्मण घरातल्या मुली हा नाच शिकू लागल्या. १९४७ मध्ये मद्रास प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. नाच वाचला, खरं आहे. पण ज्यांच्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या होता त्या बायकांचं काय झालं? बहुतेकींनी घुंगरू उतरवले ते कायमचे. बालसरस्वतींसारखी एखादीच त्या घराण्याचं नाव घेऊन शेवटपर्यंत उभी राहिली, आणि शृंगार ‘शुद्ध’ करायची गरज नाही, तोच या नाचाचा गाभा आहे, असं त्या ठणकावून सांगत.

मला माझा नाच प्राणापेक्षा प्रिय आहे. तरीही तो करताना मला हे आठवतं. लावणीला सभ्य करताना तुम्ही कुणाला दाराबाहेर ठेवणार आहात, हे आधी ठरवा.

तत्कार

मी असा विचार केला नव्हता. कथकच्या मागेही तवायफांचा इतिहास आहे, तो आम्हाला पुस्तकात दोन ओळींत शिकवला. ‘आमचाच रस्ता’ हे शब्द मागे घेते. अभ्यासक्रम हवा असं मात्र अजूनही वाटतं, फक्त शिकवायला त्याच बायका हव्यात. पदवी मागू नका त्यांच्याकडे.

विंगेतून

चर्चा मोठी झाली. माझा प्रश्न लहान आहे आणि तो तसाच राहिलाय. कुठलं नाटक रविवार सोडणार? नव्या लेखकाचं नाटक आधी कापलं जाईल हे नक्की. ज्यात टीव्हीवरचा चेहरा आहे ते कुणी कापणार नाही. लावणीला न्याय देताना पंचविशीतल्या लेखकाचा पहिला प्रयोग जाऊ नये, एवढं तरी बघा. रविवारची सकाळ बऱ्याच ठिकाणी शाळांची संमेलनं आणि सत्कारसमारंभ यांना जाते. तिथून काही काढता येतं का बघा की.

नदीकाठची

सकाळी लावणी? ढोलकीवाले दादा, चालेल का?

ढोलकी कडक

सकाळी गळा उघडत नाही बाईचा. दुपारी चार चालेल.

चौफुल्याची

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं होत होतं.

माझी आत्या संगीत बारीत होती, म्हणजे थिएटरात राहून लावणी गाणाऱ्या-नाचणाऱ्या पार्टीत. पुणे-सोलापूर रस्त्यावर आमचं थिएटर, तिथं एका वेळी पाच-सहा पार्ट्या राहतात, प्रत्येकीची खोली वेगळी, प्रत्येकीची बैठक वेगळी. मी शिकले, आता शिक्षिका आहे. आत्या पंच्याहत्तरीची आहे. गुडघे गेलेत, पण बैठकीच्या लावण्या तिला शंभराच्या वर पाठ आहेत. मांडी घालून बसते आणि एक ओळ दहा तऱ्हांनी सांगते. एकदा रुसून, एकदा कुत्सित, एकदा अशी की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. हात कोपरापासून पुढंच हलतात. सगळं भुवईत आणि आवाजात.

तुम्ही सगळे रविवार-रविवार करताय. मिळाला तर पोरींना मिळू दे, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि दादा म्हणतात ती साथीची अट शंभर टक्के बरोबर. पण हजार खुर्च्यांच्या थेटरात आत्याची भुवई बाल्कनीतून दिसणार नाही. तिला एकदा मोठ्या स्टेजवर नेलं होतं सत्काराला. शाल दिली, नारळ दिला, दोन मिनिटं बोलायला सांगितलं. गायला कुणी सांगितलं नाही. परत येताना गाडीत ती अख्खी लावणी गायली, ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि ऐकत बसला.

तिला रविवार नको. शंभर-दीडशे माणसांची जागा द्या, जमिनीवर बैठक, पेटी, ढोलकी, माइक नको. वार कुठलाही चालेल. तिकीट लावा, फुकट नको, फुकटचं ती गात नाही. आणि कुणीतरी त्या शंभर लावण्या शब्दांसकट उतरवून घ्या. मी लिहायला बसते, पण ती गाताना मला लिहिणं होत नाही.

पाचवी रांग

ताई, शनिवार पेठेत आणि हिराबागेजवळ अशी लहान सभागृहं आहेत, प्रायोगिक नाटकं होतात तिथे. मी दोन्हीकडे उद्या विचारून येतो. आत्याबाईंना संध्याकाळी किती वाजता बसायला बरं पडेल? आणि जिने चढता येतात का त्यांना?

चौफुल्याची

सातला. जिना नको.

नदीकाठची

उतरवून घ्यायला मी येते. मला लघुलेखन येतं, आईने शिकवलेलं. पहिल्या बैठकीआधी एक-दोनदा तुमच्या घरी आले तर चालेल का? शनिवार-रविवार मोकळी असते मी.