शिक्षणावर खर्च वाढवला की देश वाढतो? शेजारी बघून सांगा

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड एमआयडीसी
कोठारी आयोगानं १९६६ साली सांगितलं, जीडीपीच्या ६ टक्के शिक्षणावर घाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पुन्हा तेच ६. आपण ४ च्या आसपास घुटमळतोय. बांगलादेश २ च्या आसपास, तरी तयार कपड्यांच्या निर्यातीत आपल्या कितीतरी पुढं. श्रीलंकेत १९४५ पासून शिक्षण मोफत, साक्षरता नव्वदीच्या वर, आणि २०२२ ला तिजोरी रिकामी. माझं मत सरळ आहे: आधी कारखाने, मग शाळा.

माढ्याचा मास्तर
बांगलादेशानं कमी पैसा नेमका कुठं घातला ते बघा की. १९९४ पासून ग्रामीण भागात सहावी ते दहावीच्या मुलींना फी माफ आणि वर भत्ता. अटी तीन: ७५ टक्के हजेरी, ४५ टक्के गुण आणि लग्न करायचं नाही. पैसे मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात. याच पिढीतल्या पोरी पुढं शिलाई मशीनवर बसल्या.

टॉवेलवाला
उलटं सांगताय मास्तर. तिथं गारमेंट १९८० च्या दशकातच उभं राहिलं होतं, भत्ता नंतर आला. कारखान्याजवळच्या गावांतल्या मुली जास्त वर्षं शाळेत टिकल्या, असंही संशोधन आहे. नोकरी दिसली म्हणून आईबापानं शिकवलं.

सातरस्ता
नेपाळला विसरलात बे. पोरं शिकवायची नेपाळनं, राबायची कतारला. बाहेरून येणारा पैसा जीडीपीच्या पावभर. आपलंही तेच, इथं सोलापुरात इंजिनिअर करायचं आणि सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला धाडायचं.

माढ्याचा मास्तर
तेच नाही. पुण्यातल्या पोराचा कर याच राज्याच्या, देशाच्या तिजोरीत येतो, त्यातूनच माझ्या शाळेचा पगार निघतो. कतार काठमांडूच्या शाळेला काय देतं? पोरगा घरी पैसे पाठवतो तेवढेच.

पूर्व भागातली
आमच्या घरात आई विड्या वळते. बहीण दहावीनंतर घरी बसली. फीचा प्रश्न नव्हता. ती कॉलेजला गेली तर तिच्या वाटच्या विड्या कोण वळणार, हा होता. सरकारचा शाळेवरचा खर्च ४ टक्के असो नाहीतर ६, हा हिशोब त्यात कुठंच येत नाही. मास्तरांनी सांगितलेल्या भत्त्यात तो थोडा तरी येतो. आपल्या महाराष्ट्रातही १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या मुलींना हजेरीचा भत्ता आहे. पहिली ते चौथी, रोज १ रुपया! चौथीतली पोरगी कोण घरी बसवतंय?

टॉवेलवाला
हे पटलं. दहावीपुढं भत्ता द्या, माझी ना नाही. पण आहे त्या ४ टक्क्यांतून द्या.

माढ्याचा मास्तर
शाळांच्या पैशातला मोठा वाटा पगारातच जातो. माझाही त्यातच. तुम्हीच सांगा, कुठून काढायचे?