मदत हवी आहे : कबुतरे आणि खारींपासून दाणा वाचवणारा बर्ड फीडर

नमस्कार. इंदूरमधील टिळकनगरात आमच्या लहानशा अंगणातील पेरूच्या झाडावर चिमण्या आणि मुनिया नियमित येतात. मातीच्या उथळ ताटलीत बाजरी व तांदळाची कणी ठेवली, तेव्हा कबुतरे सगळा दाणा फस्त करत आणि लहान पक्षी भिंतीवरच थांबून राहत. त्यानंतर बारीक दांड्यांचा, पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीचा फीडर टांगला. त्यावर कबुतरांना बसता येईना, मात्र खारींनी त्याची भोके कुरतडून मोठी केली आणि पावसात आतील बाजरी भिजून तिला बुरशी आली. बुरशीचा दाणा पक्ष्यांना अपायकारक असल्याने मला हीच अडचण सर्वांत गंभीर वाटते.

आता बाहेरून लोखंडी जाळीचा पिंजरा असलेला फीडर घेण्याचा विचार आहे. चिमणी सुमारे १५ सेंमी, तर कबूतर सुमारे ३३ सेंमी लांब असते, तेव्हा जाळीने कबुतरे नक्कीच बाहेर राहतील. खारीबद्दल मात्र तशी खात्री वाटत नाही. अंगणात मांजर फिरते, म्हणून फीडर उंच टांगणे भाग आहे. खर्च हजार रुपयांच्या आत बसावा.

ज्यांनी असा फीडर प्रत्यक्ष वापरला आहे, त्यांनी कृपया सांगावे : चिमणी सहज आत जाईल, पण खार शिरणार नाही, असे जाळीच्या चौकोनाचे माप कोणते, आणि पावसाळ्यात दाणा कोरडा राहण्यासाठी तळाची छिद्रे पुरतात की वर रुंद झाकणही लावावे लागते?