फोटोवरची माणसं ओळखायची तर माळ्यावरची भांडी काढा

पणजीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोमागे एकही नाव नाही आणि सांगणारं कोणी उरलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग माळ्यावरची पितळी भांडी खाली काढा. जुने पिंप, परात, घागर, अगदी वाटीसुद्धा. आहेराच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, गाव आणि पुष्कळदा तारीख कोरून घ्यायची पद्धत होती. लग्नात भांडं देणारी माणसं बहुधा त्याच फोटोत उभी असतात! विशेषतः पणजीच्या माहेरचा माग इथे लागतो, कारण लग्नानंतर कागदोपत्री पुष्कळदा तिचं सगळं नावच बदललेलं असतं.

अक्षरं पुसट असतील तर अंधारात टॉर्च तिरका धरा, खोदकाम उठून दिसतं. त्याआधी चिंच लावून घासू मात्र नका. साल शके असेल तर इसवी सन काढायला त्यात 78 मिळवा. जानेवारी ते गुढीपाडव्यादरम्यानची तिथी असेल तर 79.

पुण्यात याला आणखी एक कारण आहे. 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आमच्याकडचे अल्बम त्यात गेले, भांडी मात्र चिखलातून काढून, धुऊन पुन्हा वापरात आली. आमच्या आजीच्या मामांचं नाव आम्हाला एका घंगाळावरच सापडलं.

आणि नावं कळली की फोटोमागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. काळ्या पानावर घट्ट चिकटलेला फोटो ओढून काढू नका. पानासकट स्कॅन करा.