अनुभव धागा: गोव्यात सॅनिटरी इन्स्पेक्टरचं काम, कुठे बघायचं आणि कुठे चुकतं

आरोग्य केंद्रात किंवा पालिकेत नव्याने रुजू झालेल्यांना नियमांची पुस्तकं मिळतात, पण विहिरीत किती पावडर टाकायची हे उभ्या-उभ्या सांगणारं कोणी नसतं. म्हणून हा धागा. आपल्या कथा नकोत. माप, क्रम आणि फसण्याची कारणं लिहा.

पर्वरी, बांधकामांवरची पाहणी

पणजीत १९८६ पासून मलेरिया वाढला तो बांधकामांच्या बरोबरीने. इथला मुख्य वाहक अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी हा डास. त्याला स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं, आणि क्युरिंगसाठी (काँक्रीट ओलं ठेवायला) स्लॅबवर बांध घालून केलेली तळी म्हणजे अगदी तेच. पण स्लॅब सगळेच बघतात. आधी लिफ्टचा खड्डा बघा. तिथे अंधार असतो, पाणी महिनोन्‌महिने हलत नाही, आणि मुकादम म्हणतो "तिकडे काही नाही". टॉर्च आणि शिडी असल्याशिवाय साइटवर जाऊ नका.

डिपर (लांब दांड्याची पळी) पाण्याला ४५ अंशांत तिरका धरून अलगद बुडवा. आपली सावली पडली की अळ्या तळाला जातात. दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा घ्या. पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली अळी अ‍ॅनोफिलिसची, डोकं खाली करून तिरकी लटकणारी एडिस (डेंग्यूचा डास) किंवा क्युलेक्सची (हत्तीरोगाचा डास). नोंदीत "अळी आढळली" एवढंच लिहिलं तर पुढचा माणूस चुकीच्या आजाराच्या मागे लागतो.

टेमेफॉस हे अळीनाशक ५० टक्के असेल तर १० लिटर पाण्यात २.५ मिली, आणि त्या मिश्रणाचे दर चौरस मीटरला २० मिली. क्युरिंगच्या तळ्यात मात्र ते टिकत नाही, कारण रोज पाइपने नवं पाणी पडतं आणि औषध वाहून जातं. आठवड्यातून एक दिवस तळं पूर्ण रिकामं करून घेणं, किंवा तळ्याऐवजी ओलं गोणपाट वापरायला लावणं, हा जास्त खात्रीचा उपाय. गरम हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. सात दिवसांनी पाणी काढलं तर चक्र तुटतं.

त्याच विषयावर, आरोग्य केंद्रातून

पर्वरीच्या दादांनी पाण्याचं लिहिलं, मी माणसांचं लिहिते. सार्वजनिक आरोग्य कायदा १९८५ चा, आणि बांधकाम कामगारांचं हेल्थ कार्ड त्याखालीच येतं. कार्ड तपासताना तारीख बघा, आणि चेहराही बघा. कार्ड एकाचं आणि कामावर दुसरा, हे होतं. ताप असलेल्याची रक्तपट्टी त्याच दिवशी.

खरी गळती व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियाच्या उपचारात होते. क्लोरोक्विन तीन दिवसांचं, ते पूर्ण होतं. यकृतातले जंतू मारणारं प्रायमाक्विन चौदा दिवसांचं. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि गोळ्या बंद होतात. तोवर ठेकेदार त्याला दुसऱ्या साइटवर हलवतो. यकृतात लपलेला परोपजीवी महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो, आणि नोंद नव्या केंद्राच्या नावावर नवी केस म्हणून पडते. कार्डावर ठेकेदाराचा फोन आणि पुढची साइट लिहून घ्या, आणि त्या भागातल्या सहकाऱ्याला चौदा दिवस संपण्याआधी कळवा. एका फोनचं काम आहे, आणि तेच राहून जातं.

फोंडा, विहिरी

घनफळ आधी. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४. उत्तर घनमीटरमध्ये, ते हजाराने गुणलं की लिटर. व्यास ३ मीटर, पाणी २.५ मीटर, म्हणजे सुमारे १७,६६० लिटर. नेहमीचा अंदाज हजार लिटरला २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे या विहिरीला ४४ ग्रॅम.

पावसाळ्यात हा अंदाज सपशेल फसतो. पाणी गढूळ असतं, सेंद्रिय कचरा क्लोरीन खाऊन टाकतो. म्हणून हॉरॉक्सचा डबा काढा, म्हणजे पाण्याला किती पावडर लागेल ते मोजणारा कपांचा संच. काळ्या कपात २ ग्रॅम पावडरची पेस्ट करून खुणेपर्यंत पाणी घालायचं, गाळ बसू द्यायचा. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी, त्यात निवळीचे एक, दोन, तीन असे वाढते थेंब. ढवळून अर्धा तास ठेवा, मग प्रत्येकात स्टार्च निर्देशकाचे तीन थेंब. ज्या पहिल्या कपात स्पष्ट निळा रंग येतो त्याचा क्रमांक गुणिले २ ग्रॅम, हे ४५५ लिटरला लागणारं प्रमाण. तिसरा कप निळा आला तर वरच्याच विहिरीला साधारण २३३ ग्रॅम. म्हणजे ४४ टाकून आलेला माणूस सही करून गेला, पण विहीर तशीच राहिली.

एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. पेस्ट, मग पाऊण बादली पाणी, दहा मिनिटं थांबून फक्त निवळ दुसऱ्या बादलीत. चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं आणि लोक "औषध नको" म्हणतात. बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हलवा. तासाभराने तपासणी: लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. क्लोरीन तपासायला ऑर्थोटोलिडीन हे रसायन वापरत असाल तर पिवळा रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचा. पंधरा मिनिटांनी वाचलेल्या आकड्यात संयुक्त (इतर पदार्थांशी जोडलं गेलेलं) क्लोरीनही मिसळलेलं असतं.

दोन गोष्टी आणखी. आपल्या हवेत उघड्या पिशवीतली पावडर लवकर निकामी होते, म्हणून हवाबंद डबा, अंधारी जागा. आणि पातळी जूननंतर झपाट्याने चढते, मे महिन्याचं माप ऑगस्टला वापरू नका.

सांगे

फोंड्याच्या पोस्टला पुरवणी. डासांसाठी विहिरीत गप्पी किंवा इतर अळीभक्षक मासे सोडतात आणि आठवड्याने दुसरी टीम येऊन क्लोरीन घालते. मासे मरतात, आणि पुन्हा सोडायला कुणी येत नाही. मासे वापरात नसलेल्या विहिरींना, क्लोरीन पिण्याच्या विहिरींना. केंद्राच्या नोंदवहीत विहिरीपुढे एकच खूण असू द्या.

सेप्टिक टाकीपासून विहीर १५ मीटर हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण चिऱ्याच्या दगडात आरपार भोकं असतात, पाणी मातीसारखं गाळून जात नाही. म्हणून टेपआधी उतार बघा: टाकी वर आणि विहीर खाली असेल तर १५ मीटरवर विसंबू नका. टाकीला तळ आहे का हे विचारा. जुन्या घरांत कित्येकदा नसतो. हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली विहिरीच्या पाण्याने भरून २४ ते ४८ तास ठेवा, काळी पडली तर मैल्याचा संशय धरा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवा. टाकीत माणूस उतरवायचा नाही. हाताने मैला सफाईविरोधी २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि आतला वायू माणसाला बाहेर यायला वेळ देत नाही.

म्हापसा, जत्रा आणि फेस्त (चर्चचे उत्सव)

गोबी मंच्युरियनवर इथल्या पालिकेने बंदी घातली ती कृत्रिम रंग आणि अस्वच्छतेच्या तक्रारींवरून. रंगाची जागेवरची चाचणी: सॉस पाण्यात गाळून थोडं व्हिनेगर, त्यात पांढऱ्या लोकरीचा धागा उकळा. धुऊनही लाल राहिला तर संशय पक्का. पण हा पुरावा नव्हे. कायदेशीर नमुना अन्न सुरक्षा अधिकाऱ्यानेच घ्यायचा, चार भागांत, सीलबंद. आपण घेतलेला नमुना कोर्टात टिकत नाही. त्यांना बोलवायचं, तोवर गाड्याच्या पाण्याची आणि जागेची तपासणी आपली.

तेलात ध्रुवीय घटक (पुन्हापुन्हा तापवल्याने तयार होणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल टाकायचं. मीटर नसेल तर फेस, चिकटपणा आणि कमी आचेवर निघणारा धूर बघा. बर्फ: २०१८ पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळा हवा. सरबताच्या गाड्यावर निळा तुकडा दिसला तर बोलणंच संपलं. पांढरा दिसला तर कारखान्याची पावती मागा.

मडगाव, मासळी

मासळी टिकवायला फॉर्मेलिन लावल्याच्या २०१८ च्या प्रकरणानंतर पट्टीची चाचणी सगळ्यांना माहीत झाली. पट्टी माशाच्या अंगावर घासा, किटमधल्या द्रावणाचा थेंब टाका, रंग तक्त्याशी ताडा. बोंबलात फॉर्मल्डिहाइड साठवणुकीत आपोआप तयार होतं, त्यामुळे बोंबलावरून विक्रेत्याला चोर ठरवू नका.

सत्तरी, माकडताप

२०१५ मध्ये पाली गावात माकडतापाचा (गोचड्यांतून पसरणाऱ्या क्यासनूर जंगल आजाराचा) उद्रेक झाला. हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे काजूच्या बागेत माणसं वाकून बोंडं वेचतात तेव्हाच. मेलेलं माकड कळलं की हात लावायचा नाही. वन आणि पशुवैद्यकीय खात्याला फोन, आणि त्या जागेभोवती ५० मीटरपर्यंत मॅलेथिऑनची भुकटी. माकड मेलं की अंगावरच्या गोचड्या खाली उतरून तिथेच दबा धरतात, म्हणून उशीर महागात पडतो. वेचणाऱ्यांना बागेत जाण्याआधी अंगाला गोचीडरोधक तेल, घरी आल्यावर गरम पाणी आणि कपडे वेगळे, आणि बागेतला पालापाचोळा घराजवळ आणून ठेवायचा नाही. जमिनीवर बसून जेवतात तिथे चटई द्या, असा आग्रह धरा.

पणजी, नोटीस लिहिताना

नोटिशीत लिहा: घर क्रमांक, वेळ, तपासलेली भांडी किती, अळ्या असलेली किती. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी म्हणजे ब्रेटो निर्देशांक; तो काढायचा तर हे आकडे लागतातच. नोटीस मालक आणि ठेकेदार दोघांना, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतात.

एडिससाठी पावसाळ्यात फ्रिजमागची ट्रे, कुंड्यांच्या ताटल्या, करवंट्या बघतोच. ओसरीवर आणि सरपणावर घातलेल्या ताडपत्रीच्या घड्या मात्र सुटतात. काठीने खालून उचला, पाणी घरंगळून येईल. नुसतं ओतू नका, भांडं काथ्याने घासून घ्या: एडिसची अंडी कोरडी होऊनही महिनोन्‌महिने जगतात.