तालुक्याच्या कॉलेजनं उपग्रहाच्या भानगडीत पडावं का?

तिसरं वर्ष, यवतमाळ जिल्हा: पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी केलेला ‘स्वयम्’ उपग्रह जून 2016 मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 रॉकेटवरून गेला. 10 सेंटीमीटरचा घन, वजन किलोभर. म्हणजे शेराच्या मापाएवढा डबा! आपल्या कॉलेजात असं करू म्हटलं, तर अख्खी स्टाफरूम हसली. तुमचं मत सांगा.

कपाशीवाला: हसन नाही तं काय करन बापू? आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ 2007 ले सुरू झाला अन् गेला 2016 ले. तुह्या हातात उरले तीन सेमिस्टर. लॅबमंदी सिग्नल पाह्याचा ऑसिलोस्कोप एक, त्याचाही प्रोब तुटेल. बाप कापूस इकून फी भरते, नोकरीचं काही शिक.

जुना सोल्डरवाला: दादा, नऊ वर्षं लागली म्हणूनच तर सुरू करायचं. हे एका बॅचचं काम नसतंच, वही पुढच्या पोरांच्या हाती जाते. मी अशा गटात दोन वर्षं होतो, माझ्याकडे फक्त अँटेना. मोजपट्टीची स्टीलची पाती गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्यानं बांधायची. कक्षेत गेल्यावर दोऱ्याला लागून असलेली तार विजेनं तापते, दोरा वितळतो, पाती ताडकन् उघडते. टेबलावर दरवेळी उघडली. अवकाशातल्या थंडीची चाचणी म्हणून फ्रीजरमध्ये ठेवली, तर काढल्यावर एकदा अडकली, आणि त्या एकदानं आमचा महिना खाल्ला. असलं शिक्षण कुठल्या क्लासात मिळतं?

कपाशीवाला: फ्रीजर चालाले लाईन पायजे. आमच्याकडं ते रातीच येते.

शिकवणाऱ्या ताई: दोघांचंही थोडं राहू द्या. आधी उपग्रहांचे सिग्नल ऐकायचं जमिनीवरचं केंद्र उभं करा. 437 मेगाहर्ट्झच्या यागी अँटेनाची (जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखी, आडव्या सळ्यांची) सिग्नल पकडणारी मुख्य सळी साधारण 34 सेंटीमीटर: ॲल्युमिनियमच्या सळ्या, बांबू, लॅपटॉपला एसडीआर डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा रेडिओ. शहरातला रेडिओ-गोंगाट गावात कमी, हा आपला फायदाच. 500 किलोमीटरवरचा उपग्रह दहाएक मिनिटांत पार होतो, आणि तेवढ्यात त्याचा सिग्नल मूळ फ्रिक्वेन्सीच्या सुमारे 10 किलोहर्ट्झ वर असतो तो तितकाच खाली घसरतो. तो पकडताना डॉपलर परिणाम, म्हणजे वेगामुळे फ्रिक्वेन्सी बदलणं, कळतो, फळ्यावर नाही. स्वतः संदेश पाठवायचा तर मात्र हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढा. हे जमलं की डब्याचं बोलू.

तिसरं वर्ष: ताई, गच्चीची चावी पाचनंतर मिळत नाही.

कपाशीवाला: बांबू माह्या वावरातून ने. उपग्रहाले माहा विरोध हायेच. अन् सळ्या घट बांध, वानरं उपटतीन.