‘चौकशी मागितली’ की ‘दाद मागितली’? जिम्नॅस्टिक्सच्या गुणांबद्दल लिहिताना अडलेले शब्द

पॅरिस ऑलिंपिकमधल्या फ्लोअर फायनलवर मराठीत एक टिपण लिहायला घेतलंय आणि पहिल्याच वाक्याला अडलोय. ‘इन्क्वायरी’ला, म्हणजे कोचने गुण पुन्हा तपासायला सांगण्याला, काय म्हणायचं? एका बातमीत ‘चाइल्सच्या कोचने चौकशी मागितली’ असं वाचलं, ते कानाला फार खटकलं, चौकशी म्हटलं की डोळ्यासमोर आयोग बसतो. ज्यांना प्रसंग आठवत नसेल त्यांच्यासाठी: 5 ऑगस्ट 2024, अमेरिकेच्या जॉर्डन चाइल्सला आधी 13.666 मिळाले, मग कोचने विचारणा केली, एका उडीचं काठिण्य धरलंच नव्हतं ते धरलं आणि 13.766 झाले, थेट तिसरी. तोवर रोमेनियाची आना बार्बोसू 13.700 वर ब्राँझ आपलंच समजून झेंडा घेऊन उभी होती बिचारी. आता ‘आक्षेप’, ‘अपील’, ‘हरकत’ यातलं काय घेऊ?

—

दाद. दाद मागितली. यासाठी इतका चपखल शब्द घरात असताना अपील कशाला.

फारसीत दाद म्हणजे न्याय, म्हणून आपल्याकडे दादफिर्याद. पण मजा अशी की मराठीत दाद मागतात ती न्यायासाठी आणि दाद देतात ती गाण्याला, खेळाला. शिवाय आजार औषधाला दाद देत नाही आणि कोर्टात दाद लागत नाही. जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये हे सगळे अर्थ एकाच दुपारी भेटतात असं माझं मत आहे. 2004 अथेन्स, हाय बारची फायनल, रशियाचा अलेक्सी नेमोव्ह. सहा वेळा बार सोडून हवेत जाऊन परत पकडला, आणि पंचांनी दिले 9.725. प्रेक्षकांनी जो काही गोंगाट केला, थांबेचनात, पुढचा खेळाडू पॉल हॅम तसाच ताटकळत उभा. शेवटी पंचांनी 9.762 केले, तरी लोक गप्प बसेनात, मग नेमोव्हनेच परत वर येऊन हातानं शांत व्हा म्हणून खुणा केल्या. पाचवा आला तो. आता सांगा, लोकांनी दाद दिली की दाद मागितली?

—

वा, हे आवडलं. पण ‘आक्षेप’ का नको ते सांगा ना, पेपरात तोच जास्त दिसतो.

—

आक्षेप म्हणजे चूक दाखवणं, त्यात थोडं बोट दाखवल्यासारखं होतं. इन्क्वायरीत कोच म्हणतो की पुन्हा बघा, आमचं काही मोजायचं राहिलंय का. त्यात पंचावर आरोप नसतो. हं, ‘हरकत’ चालेल एक वेळ, पण हरकत सहसा दुसऱ्याच्या फायद्यावर घेतात, आणि इथे तर तुम्ही फक्त स्वतःच्या खेळाडूच्या गुणांबद्दल बोलू शकता, दुसऱ्या टीमच्या गुणांबद्दल नाही. म्हणून दाद.

—

मी काही वर्षं छोट्या स्पर्धांना पंच म्हणून बसलेय त्यामुळे थोडं नाक खुपसते. दाद शब्द बरोबर आहे पण तो अर्ध्याच गुणांना लागू आहे हे टिपणात लिहा. गुण दोन भागात येतात, डी आणि ई. डी म्हणजे काठिण्य, कुठली कौशल्यं केली त्याची बेरीज, प्रत्येक कौशल्याला एक अक्षर, ए असेल तर 0.1, बी 0.2 असं चढत जातं, अमेरिकेच्या सिमोन बाइल्सची फ्लोअरवरची दोन कोलांट्यांत तीन गिरक्यांवाली उडी ‘जे’ अक्षराची म्हणजे 1.0 धरली गेली. ई म्हणजे एक्झिक्युशन, किती सफाईनं केलं. दाद फक्त डी ला मागता येते. ई मध्ये पंचानं 0.3 कापले की कापले, तिथे दाद नाही ना फिर्याद.

आणि कृपा करून ई ला ‘अंमलबजावणी’ म्हणू नका!! हे मी खरंच वाचलंय. अंमलबजावणी योजनेची होते. साधा शब्द आहे ‘सफाई’, गुडघा वाकला, पाय सुटे झाले, उतरताना पाऊल सरकलं, ही सगळी सफाईतली खोट. दुसरं, ‘ई चे गुण दिले’ हेही मला खुपतं कारण आम्ही देत नाही, कापतो. खेळाडू दहा घेऊन उभी राहते आणि आम्ही 0.1, 0.3, 0.5 असे काढून घेत जातो, पडली तर पूर्ण 1. म्हणून आमच्यात ‘किती कापले’ असंच विचारतात.

—

यावरून आठवलं, आपल्या ‘पैकीच्या पैकी’चं काय करायचं? नादिया कोमानेचीला 1976 ला माँट्रियलमध्ये पैकीच्या पैकी मिळाले हे ठीक, बोर्डावर तर 1.00 दिसलं कारण 10.00 दाखवायची सोयच नव्हती, त्याच्यावर दहा येणार हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण आता 15.066 म्हटलं की माझे वडील विचारतात कितीपैकी? आणि मला उत्तर देता येत नाही.

—

उत्तर आहे: पैकी नाहीच. 2006 पासून डी ला वरची मर्यादा नाही. ई मात्र अजून दहापैकी. म्हणजे वडिलांना सांगा की बेरजेतल्या एका आकड्याला पैकी आहे आणि दुसऱ्याला नाही, ते म्हणतील हे कसलं गणित, आणि त्यांचं बरोबरच आहे 😄

तुम्ही लिहिलेला 15.066 हा आकडा दीपा कर्माकारचा आहे ना, रिओ 2016? त्यातच हे छान दिसतं. तिची दुसरी व्हॉल्ट (टेबलावर हात टेकून मारायची उडी) प्रोडुनोव्हा नावाची, फार अवघड, डी तेव्हा 7.0. उतरताना इतकी खाली गेली की जवळजवळ बसलीच, ई 8.266 झाला, तरी एकूण 15.266. आधीच्या व्हॉल्टचे 14.866, सरासरी 15.066, चौथी. ब्राँझ 15.216 ला गेलं. ‘0.15 ने हुकलं’ हेच बरोबर, काही जण ‘पंधरा गुणांनी हुकलं’ लिहून मोकळे झाले होते, दशांशचिन्ह खाऊन.

—

जरा वेगळा प्रश्न. प्रोडुनोव्हा मारली की मारला? व्हॉल्टला मी पुल्लिंगी समजत होतो.

—

उडी मनात धरली की मारली. पुढे चला.

—

करिअरला ‘कारकीर्द’ लिहायचं का यावर पण बोला कुणीतरी. कारकीर्द मूळची राज्यकर्त्याची, अमक्या पेशव्याची कारकीर्द वगैरे. चौदा वर्षांच्या पोरीला ती कशी लावायची? (आज तर मुलींना त्या वर्षात 16 पूर्ण होत असल्याशिवाय मोठ्या गटात उतरताच येत नाही, म्हणजे माँट्रियलची नादिया आज बाहेरच बसली असती.)

—

बऱ्याच जणींची थोड्या वर्षांतच संपते, तिला कारकीर्द म्हणणं मलाही जड वाटतं. पण उझबेकिस्तानच्या ओक्साना चुसोविटिनाला लावा की बिनधास्त! 1992 ला बार्सिलोनात पहिलं ऑलिंपिक आणि 2021 ला टोकियोत आठवं, तेव्हा वय 46. मधे मुलाला ल्युकेमिया झाला, उपचारासाठी जर्मनीला गेली, त्या देशाकडून 2008 ला व्हॉल्टचं रौप्य मिळवलं, मग परत उझबेकिस्तानकडून. टोकियोत ती फायनलला पोचली नाही, प्रेक्षकही नव्हते, पण हॉलमधले खेळाडू, कोच सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. ही निखळ दिलेली दाद. आणि ‘निवृत्ती’ शब्दाला तिनं काही दाद दिली नाही, काही महिन्यांतच परत खेळायला लागली.

—

सगळ्यांचे आभार, ‘दाद मागितली’ पक्कं केलं होतं आणि लिहायला बसलो तर नवीनच घोळ. शेवटच्या खेळाडूच्या (इथे चाइल्सच्या) कोचला दाद मागायला गुण दिसल्यापासून फक्त 1 मिनिट असतं. क्रीडा लवादानं म्हटलं की 4 सेकंद उशीर झाला, म्हणून 13.666 परत आले आणि ब्राँझ बार्बोसूला गेलं. अमेरिकेची बाजू म्हणते व्हिडिओत कोच 47 व्या सेकंदालाच बोललेली ऐकू येते. मग दाद नक्की कधी मागितली?

—

इथे क्रियापदं दोन लागतील. दाद तोंडानं मागितली ती 47 ला, नोंदवली गेली 64 ला. लवादानं अधिकृत नोंदीची वेळ धरली. तुमच्या वाक्यात नुसतं ‘मागितली’ लिहिलंत तर तुम्ही न कळत अमेरिकेची बाजू घेतलीत, ‘नोंदवली’ लिहिलंत तर रोमेनियाची. आणि एक, 2004 ला कोरियाच्या यांग ते-यंगचंही असंच झालं होतं, पॅरलल बार्सवर त्याची सुरुवातीची किंमत (जिथून गुण कापायला लागतात ती) 10 ऐवजी 9.9 धरली, सगळ्या साधनांच्या एकत्रित स्पर्धेतलं सुवर्ण 0.049 ने गेलं, चूक झाली हे जिम्नॅस्टिक्स महासंघानं मान्य केलं, तीन पंच निलंबित केले, पण दाद वेळेत मागितली नव्हती म्हणून लवादापुढे काही लागली नाही.

—

मग मी असं लिहितो: ‘कोचने दाद मागितली, ती 64 व्या सेकंदाला नोंदवली गेली.’ 47 चं पुढच्या वाक्यात. चालेल?

—

चालेल. ‘ती … नोंदवली गेली’ ऐवजी ‘तिची … नोंद झाली’ करा, त्यात कोण चुकलं ते कळत नाही.